परमहंस मंडळीचें गुप्त भोजन

वाशी, नेरूळ, बेलापूर या खाडीपलीकडच्या वस्त्यांत सकाळीं दुधाबरोबरच पावही दारांत येऊन पडतो. भट्टी कोणाची, पीठ कोणीं मळलें, याची चौकशी कोणी करीत नाहीं. फार तर पाव ताजा आहे कीं कालचा, एवढेंच गिऱ्हाईक विचारतें. १९७० सालीं सिडको स्थापन होऊन नवी मुंबईची आंखणी सुरू झाली, तेव्हां पावाविषयींचा जुना वाद लोक विसरूनही गेले होते. परंतु खाडीच्या या बाजूस, जुन्या मुंबईच्या गिरगांव भागांत, सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं हाच पाव खाण्यासाठीं शिकलेसवरलेले, प्रतिष्ठित घराण्यांतले गृहस्थ दारें लावून बसत, आणि घरीं परतल्यावर त्याविषयीं आईपाशीं, पत्नीपाशीं किंवा सख्ख्या भावापाशींही अवाक्षर काढीत नसत. त्या मंडळीचें नांव परमहंस सभा. तिची स्थापना १८४९ च्या सुमाराची आहे.

पावाचाच एवढा बाऊ कां, हें आजच्या श्रोत्यास सहज उमगणार नाहीं. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांचा, आणि पदार्थही त्यांच्याबरोबरच या किनाऱ्यावर आलेला. ज्या बेलापुराच्या किल्ल्याचे अवशेष आज नवी मुंबईंत उभे आहेत, तो मराठ्यांनीं पोर्तुगीजांपासून १७३७ सालीं घेतला, आणि १७३९ सालीं वसई पडली. राज्य गेलें, तरी त्या राज्याच्या आठवणी गांवोगांव राहिल्या. फिरंगी लोक रात्रीं विहिरींत पाव टाकून जात, सकाळीं तें पाणी प्यालेलें गांवच्या गांव बाटलें असें ठरे, ही कथा वसईपासून गोव्यापर्यंत घरोघर सांगितली जाई. ती अक्षरशः खरी असो वा नसो. सांगणारास आणि ऐकणारास ती खरी वाटत होती, आणि समाजाच्या वर्तनाला तेवढें पुरे होतें. पाव म्हणजे ख्रिस्ती भटाऱ्यानें मळलेलें, ताडीनें फुगविलेलें, परधर्मीयाच्या भट्टींतून निघालेलें अन्न. त्याचा घांस म्हणजे जात गेली, आणि जात गेली म्हणजे सर्वच गेलें.

हें ‘सर्वच गेलें’ केवळ बोलण्याची रीत नव्हे. वाळींत पडलेल्या घरीं भिक्षुक पाऊल टाकीत नसे, न्हावी हजामतीस येत नसे, पंक्तीला पान मांडलें जात नसे. घरांत मृत्यु झाला, तर खांदा देण्यास माणसें मिळण्याची पंचाईत. सर्वांत कठीण म्हणजे मुलींचीं लग्नें. आठ-दहा वर्षांच्या मुलीचें लग्न उरकलेंच पाहिजे अशा त्या काळांत, बहिष्कृत बापाच्या मुलीला स्थळ कोण देणार? घांस एकानें खावा आणि त्याचें प्रायश्चित्त घरांतल्या साऱ्या बायकामुलांनीं भोगावें, अशी ही योजना होती. आणि म्हणूनच ती फार परिणामकारक होती.

तिचा ताजा अनुभव मुंबईकरांच्या डोळ्यांपुढें होता. १८४३ सालीं नारायण शेषाद्रि या तरुण ब्राह्मणानें डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनमध्यें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपति हा सुमारें बारा वर्षांचा मुलगाही मिशनऱ्यांपाशीं राहिला होता. बापानें सुप्रीम कोर्टांत दाद मागितली, आणि मुलगा परत मिळाला. पण परत मिळालेला मुलगा पंक्तीला घ्यावा कीं नाहीं, यावर मुंबईंत रणें माजलीं. मुलाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. आक्षेप होता तो मिशनऱ्यांच्या घरच्या अन्नपाण्याचा. बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानानें प्रायश्चित्त देऊन त्याला शुद्ध करावें असा पक्ष घेतला, तर खुद्द शास्त्रीबोवांवरच आग पाखडली गेली. कलकत्त्याची हकीकतही इंग्रजी शिकलेल्या तरुणांस ठाऊक असावी. तेथें १८३१ सालीं कृष्णमोहन बानर्जी यांच्या घरीं जमलेल्या मित्रांनीं गोमांस खाऊन हाडें शेजाऱ्याच्या आवारांत फेंकलीं. कृष्णमोहन त्या वेळीं घरांत नव्हते; तरी घराबाहेर पडण्याची पाळी त्यांच्यावर आली, आणि पुढल्या वर्षीं ते ख्रिस्ती झाले. मुंबईच्या तरुणांना ना तसला धिंगाणा हवा होता, ना मिशनऱ्यांचा आश्रय. त्यांना हिंदु राहून जातिभेद मोडावयाचा होता.

या मंडळीचे बौद्धिक गुरु दादोबा पांडुरंग तर्खडकर. १८३६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मराठी व्याकरणामुळें त्यांचें नांव शाळेशाळेंतून पोंचलें होतें. सुरतेस शिक्षक असतां १८४४ सालीं दुर्गाराम मेहताजी यांच्यासह त्यांनीं मानवधर्मसभा काढली. ती सभा उघड भरे. मंत्रतंत्र करणारांना भर सभेंत आव्हान देई. १८४६ सालीं दादोबा मुंबईस आले. १८४८ मध्यें मराठी ज्ञानप्रसारक सभा निघाली, तिचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें. तेथें विद्या, व्यवहार, सृष्टिज्ञान यांवर निबंध वाचले जात, आणि धर्माची चर्चा कटाक्षानें टाळली जाई. याच सुमारास त्याच परिचितांतून दुसरी, न दिसणारी सभा उभी राहिली. तिचें अध्यक्षत्व राम बाळकृष्ण जयकर यांनीं पत्करलें. दादोबांचे धाकटे बंधु आत्माराम पांडुरंग, नारायण महादेव परमानंद, वासुदेव बाबाजी नवरंगे अशीं पुढें नामांकित झालेलीं माणसें तिच्या वर्तुळांत होतीं. सुरतेस जें काम दिवसाढवळ्या चाललें, तेंच मुंबईंत दाराआड गेलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. परगांवीं धीट असणें सोपें असतें. स्वतःच्या जातभाईंत तें जड जातें.

सभेचा विधि साधा होता. प्रारंभीं आणि शेवटीं मराठींत ईश्वरप्रार्थना, त्यांतल्या बऱ्याच दादोबांनीं रचलेल्या. मध्यें चर्चा. नवा सभासद आला, तर आपण जातिभेद मानीत नाहीं अशी प्रतिज्ञा त्याला करावी लागे. आणि ती केवळ तोंडची राहूं नये म्हणून ख्रिस्त्यानें भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे व मुसलमानाच्या हातचें पाणी प्यावें लागे. प्रसंगानें सहभोजनेंही होत. शपथेला घांसाची जोड देणें यांत मोठी चतुराई होती. बोललेला शब्द मागें घेतां येतो, गिळलेला घांस येत नाहीं. शिवाय सर्वांनींच तो खाल्लेला असल्यामुळें कोणी कोणाची चहाडी करण्याचें भय नव्हतें. प्रत्येकाचें गुपित दुसऱ्याच्या हातीं गहाण पडलेलें होतें.

येथवर या मंडळीविषयीं आदरच वाटतो. परंतु सभा सुटल्यावरचें चित्र मनापुढें आणावें. सभासद घरीं येई. ओटीवर पाय धुई. स्नान करून, सोवळें नेसून देवघरांत शिरे, आणि ज्या हातानें पाव खाल्ला त्याच हातानें देवावर पाणी घाली. निदान घरांतल्या माणसांस तसें दिसूं देई, कारण त्यांत खंड पडता तर प्रश्न निघाले असते. चुलीपाशीं जी पत्नी ओल्या वस्त्रानें, कोणाचाही स्पर्श होऊं न देतां स्वयंपाक करीत असे, तिचा सारा कटाक्ष ज्या शुद्धतेसाठीं, ती शुद्धता नवऱ्यानें केव्हांच बाहेर ठेवून दिली होती. मात्र तिला तें ठाऊक नव्हतें. तिच्या समजुतीप्रमाणें पाहिलें, तर तीही बाटली होती, आणि तिला न विचारतां. जातिभेद खोटा आहे हें ज्यांनीं ओळखलें, त्यांनीं तें निम्म्या घराला सांगितलें नाहीं. भय होतें तें त्या बायकामुलांच्याच हालांचें, हें खरें. तरीही त्यांच्याशीं विश्वासानें बोलावें असें सभेच्या नियमांत कोठेंच नव्हतें.

याला उत्तर म्हणून सभेपाशीं एक आंकडा होता. सभासदांची संख्या एक हजार झाली कीं सर्वांनीं मिळून आपली मतें जाहीर करावयाचीं, असें ठरलें होतें. हजार घरें एकाच दिवशीं उभीं राहिलीं, तर त्यांना वाळींत टाकणार कोण? त्यांचा आपसांतच रोटीबेटीव्यवहार होऊं शकेल, ही कल्पना हिशेबाच्या दृष्टीनें निर्दोष होती. मुंबईबाहेर पुण्यास, अहमदनगरास लोक मिळूं लागले, तेव्हां ती साध्यही वाटली असेल. पण गुप्त संस्था वाढावी कशी? जी सभा आपलें अस्तित्व सांगत नाहीं, ती ओळखीच्या माणसांपलीकडे जात नाहीं. आणि ओळखीचीं माणसें हजार नसतात. हजाराची अट धैर्यासाठीं घातली होती, ती धैर्य पुढें ढकलण्याची सोय झाली. तो आंकडा कधींच गांठला गेला नाहीं.

ज्यांना ही कुचंबणा सोसवली नाहीं, त्यांपैकीं एक बाबा पद्मनजी. विद्यार्थिदशेंत ते सभेचे सभासद होते. मनांत एक आणि जनांत एक अशी वागणूक त्यांना टोंचूं लागली. १८५४ सालीं ते बेळगांवीं ख्रिस्ती झाले, आणि घरच्यांचा जो वियोग टाळण्यासाठीं इतर मंडळी गुप्त राहिली, तो त्यांनीं पत्करला. १८८८ सालीं निघालेल्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रांत त्यांनीं सभेच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. सभा सोडून गेलेल्याच्या लेखणींतून सभेची हकीकत कळावी, यांत गंमत आहे. राहिलेले बहुतेक मुकेच राहिले. खुद्द दादोबांचें आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनीं १९४७ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील वृत्तान्त १८४६ पर्यंतच येऊन थांबतो. सभेच्या उंबरठ्याशीं ग्रंथ संपावा, हा योगायोग असेल. पण वाचकाला तो चुटपुट लावून जातो.

शेवट बाहेरूनच आला. १८६० च्या सुमारास सभेचे कागद, त्यांत सभासदांच्या नांवांची यादी, चोरीस गेले आणि नांवें फुटलीं. ज्या नांवांना एकत्र करून निर्भय व्हावयाचें होतें, तीं नांवें एकत्र आढळलीं तीं अशीं, चोराच्या हातीं. एकदां बिंग फुटलेंच आहे, तर आतां उघडपणें उभें राहूं, असें म्हणण्याची ती संधि होती. ती कोणीं घेतली नाहीं. मंडळी पांगली.

तरी त्या दाराआडच्या बैठका वायां गेल्या असें म्हणवत नाहीं. ३१ मार्च १८६७ रोजीं मुंबईस प्रार्थनासमाज स्थापन झाला, तो आत्माराम पांडुरंगांच्या घरीं. आणि परमानंद, नवरंगे हीं जुनीं नांवें तेथें पुन्हां दिसतात. मात्र या वेळीं सभा उघड होती, आणि उघड असल्यामुळें पावाची अट तींतून गळाली होती. उपासना सर्वांसमक्ष, जातीचें ज्याचें त्यानें पाहावें. गुप्त सभा आचारांत निर्भय, पण लोकांत भित्री. उघड सभा लोकांत निर्भय, पण आचारांत सावध. दोन्ही धैर्यें एकाच ठिकाणीं नांदलीं नाहींत. दादोबांचा ‘धर्मविवेचन’ हा ग्रंथ १८४३ सालीं लिहून झाला होता. तो १८६८ सालीं छापला गेला तेव्हांही त्यावर त्यांचें नांव नव्हतें. त्याच १८६८ सालीं पुण्यास जोतीराव फुले यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तेथें शपथ नव्हती, यादी नव्हती, हजारांची वाट पाहणें नव्हतें. गल्लींतून जाणाऱ्यास सारें दिसत होतें.

पुढच्या पिढीला या प्रश्नानें आणखी एकदां गांठलें. ऑक्टोबर १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनांत व्याख्यानास जमलेल्या मंडळीपुढें चहाबिस्किटें आलीं. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कप हातीं धरला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव यांच्या खटपटीनें हा बेत जमला होता. उपस्थितांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत छापून आलीं. न्यायमूर्ति रानडे, टिळक, गोखले असे थोर गृहस्थ त्या यादींत! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी बसली, आणि कपास ओठ लागला होता कीं नाहीं याचा खल भल्या भल्या पंडितांनीं केला. आपण काशीस प्रायश्चित्त घेतलें आहे, असें टिळकांनीं सांगितलें. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें, आणि त्यांच्या सुधारक स्नेह्यांना तें फार लागलें.

या चहाची हकीकत रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत दिली आहे. बाहेरच्या एका पेल्यानें घरांत काय घडतें, तें तेथें पत्नीच्या तोंडून वाचावयास मिळतें. परमहंस सभेंतील गृहस्थांच्या घरांतून तसलें पुस्तक बाहेर आलें नाहीं.