साहेबाच्या मेजावरून उपासाच्या ताटात

काळू नदीच्या काठी वसलेल्या टिटवाळ्याला महागणपतीचे प्रसिद्ध देऊळ आहे. संकष्टीला, त्यातही अंगारकी आली म्हणजे, कल्याणकडून येणाऱ्या गाड्या भाविकांनी भरून जातात. त्या दिवशी टिटवाळ्यातल्या घराघरांत काय शिजते? साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, आणि जिरे-मिरचीच्या फोडणीची बटाट्याची भाजी. संध्याकाळी चंद्रोदय होईपर्यंत या ताटाचाच आधार असतो.

आता दुसरे एक ताट डोळ्यांपुढे आणू. इंग्रजाच्या घरचे हे झटपट रात्रीचे जेवण. तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी चारदोन मिनिटे भाजलेला मांसाचा जाड काप, म्हणजे स्टेक, आणि शेजारी भट्टीत खरपूस भाजलेले बटाटे. एक ताट व्रताचे, दुसरे सामिष. दोहोंमध्ये समान पदार्थ एकच, तो म्हणजे बटाटा. आपल्याकडे तो आधी दुसऱ्या ताटात आला आणि मग पहिल्या ताटात गेला. हा प्रवास कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे.

नाव रताळ्याचे, चिकटले बटाट्याला

बटाट्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत. तिथल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी, टिटिकाका सरोवराच्या परिसरात, जंगली कंदांपासून तो माणसाळवला. कडाक्याच्या थंडीत बटाटे गोठवायचे, पायांनी तुडवून पाणी काढायचे आणि उन्हात वाळवायचे, अशी साठवणीची युक्तीही त्यांनी शोधून काढली होती. १६व्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला.

'बटाटा' हा शब्द मात्र मुळात बटाट्याचा नाही. कॅरिबियन बेटांवरचे लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणत. स्पॅनिश व पोर्तुगीज खलाशांनी तो शब्द उचलला. पुढे खरा बटाटा हाती आला तेव्हा दोन्ही कंदांच्या नावांची सरमिसळ झाली. पोर्तुगीजांमार्फत हे नाव आपल्या किनाऱ्यावर उतरले आणि मराठी, कोंकणी व गुजरातीत रुजले. उत्तरेकडे मात्र 'आलू' हा कंदासाठीचा जुनाच शब्द नव्या कंदाला लावला गेला. शब्दावरून पदार्थाची वाट कशी शोधता येते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

या सरमिसळीमुळे इतिहासकारांचीही पंचाईत होते. जहांगिराच्या दरबारी आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याच्याबरोबर एडवर्ड टेरी नावाचा धर्मोपदेशक होता. १६५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने आसफखानाने दिलेल्या एका मेजवानीचे वर्णन केले आहे आणि त्यात 'पोटॅटो'चा उल्लेख आहे. पण त्या काळी इंग्रज माणूस हा शब्द रताळ्यालाही वापरत असे. तेव्हा तो पदार्थ रताळ्याचा असण्याचाच संभव अधिक. जुन्या कागदात नाव सापडले म्हणजे वस्तूही तीच, असे धरून चालत नाही.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही कंद अगदी वेगळे आहेत. रताळे हे मूळ आहे. बटाटा हे जमिनीखालचे खोड, आणि त्याचे 'डोळे' म्हणजे खोडावरच्या कळ्या.

महाबळेश्वरचे चिनी कैदी

आपल्याकडे बटाटा खऱ्या अर्थाने पसरला तो इंग्रज अमलात. साहेबाला मांसाबरोबर बटाटा लागे. त्यामुळे जिथे थंड हवेची ठाणी झाली तिथे बटाट्याचे वाफेही आले. कारण साधे आहे. बटाट्याच्या झाडाला उष्ण हवेत पाने फुटतात, पण कंद नीट धरत नाही. त्यासाठी रात्री थंड लागतात.

महाराष्ट्रात ही सोय महाबळेश्वरला होती. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात, १८२८-२९ च्या सुमारास, तिथे ठाणे वसले. १८३४ मध्ये तिथे एक तुरुंग बांधण्यात आला. त्यात चिनी आणि मलायी कैदी ठेवलेले असत. ते बांबूच्या व वेताच्या टोपल्या विणत आणि भाजीचे मळे करीत. महाबळेश्वरच्या बटाट्याच्या लागवडीशी याच कैद्यांचे नाव जोडले जाते. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला, तरी सुटका झालेल्यांपैकी काहीजण तिथेच राहिले. अमेरिकेतला कंद, पोर्तुगिजांचे नाव, इंग्रजाची भूक आणि चिनी माणसाचे हात, असा हा मामला होता.

घाटावरून बटाटा खाली यायला वाहतूक हवी. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. १८५४ मध्ये ती कल्याणला आणि १८५५ मध्ये टिटवाळ्यावरून पुढे वाशिंदला पोचली. १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट रेल्वेने ओलांडले. पुण्याकडचा आणि नाशिककडचा, असे दोन्ही मार्ग कल्याणला मिळू लागले. आठवडाभर टिकणारी, न चेपणारी, पोत्यात भरून नेता येणारी भाजी या गाड्यांना सोयीचीच होती. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात खेड, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांत बटाट्याची शेती वाढली. आंबेगाव तालुक्यातले सातगाव पठार आजही पावसाळी बटाट्यासाठी ओळखले जाते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील हॅरल्ड मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या सुमारास पश्चिम भारतातील बटाट्याच्या लागवडीचा आणि रोगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे तोवर हे पीक साहेबाच्या परसातून बाहेर पडून शेतकऱ्याचे झाले होते.

उपासाचा न्याय

शेतात आला, बाजारात आला, हे समजण्यासारखे आहे. पण व्रताच्या ताटात? तिथे तर सोवळेओवळे फार. आणि बटाटा तर म्लेंच्छांनी आणलेला, मांसाबरोबर खाल्ला जाणारा!

उपासाच्या नियमांकडे पाहिले की उलगडा होऊ लागतो. आपल्याकडच्या उपासात प्रामुख्याने धान्य वर्ज्य असते आणि कंद, मुळे, फळे चालतात. हा अरण्यात राहणाऱ्या ऋषींचा आहार मानला गेला. नवा कंद आला तेव्हा त्याचे गाव कोणी विचारले नाही, त्याचा वर्ग पाहिला. सुरण चालतो, रताळे चालते, मग हाही चालेल, असा हा न्याय दिसतो. त्यातून तो स्वस्त, पोटभरीचा आणि पटकन शिजणारा होता.

हा न्याय सगळीकडे सारखा लागला नाही. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात बटाटा आणि टोमॅटो वापरत नाहीत. जैन आचारात जमिनीखालचे कंदच वर्ज्य, म्हणून तिथे बटाटा बसत नाही. आपल्या घरांतही गंमत पाहा. वांगे हे भारतातलेच, आणि बटाट्याच्याच कुळातले, पण उपासाला चालत नाही. बऱ्याच घरांत हळद, जी इथलीच, उपासाच्या भाजीत टाकत नाहीत. मिरची मात्र, जी अमेरिकेतून आली, बिनदिक्कत पडते.

उपासाच्या ताटातले पदार्थ एकेक करून तपासले तर आणखी आश्चर्य वाटते. शेंगदाणा, मिरची, बटाटा, रताळे आणि राजगिरा हे सर्व अमेरिका खंडातले. आजचा साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओकाही तिथलाच. आपल्याकडे फार जुन्या काळापासून असलेले म्हणजे वरी आणि शिंगाडे. कोलंबसाच्या आधीच्या कोणा मराठी माणसाला हे ताट वाढले असते, तर त्यातले बहुतेक पदार्थ त्याला ओळखूही आले नसते. 'अस्सल आपले' आणि 'परके' अशी विभागणी आपण फार सहजपणे करतो. या ताटापुढे बसून ती करून पाहावी.

खरपूसपणा कोठून येतो?

ताट बदलले तशी शिजवण्याची रीतही बदलली. इंग्रजाच्या घरी भट्टी होती. तो बटाटे आठदहा मिनिटे उकळून, खडबडीत करून, तापल्या चरबीत घालून भट्टीत भाजे. आपल्याकडे होती चूल. आपण बटाटे उकडले, फोडी केल्या आणि तुपावर परतल्या. वरवर पाहता दोन कृती निराळ्या आहेत, पण त्यांच्यामागचे शास्त्र एकच आहे.

बटाट्यात मुख्यतः पाणी आणि पिष्ट असते. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात आणि मऊ होतात. उकडताना एवढेच घडते. पाणी १०० अंशांपलीकडे तापत नाही, म्हणून पाण्यातला बटाटा कितीही वेळ ठेवला तरी लाल होत नाही. फोड तुपात पडली की तिच्या पृष्ठभागावरचे पाणी उडून जाते आणि तिथले तापमान १४० अंशांच्या वर चढते. मग बटाट्यातली शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात झपाट्याने प्रक्रिया होऊन तपकिरी रंग आणि खमंग वास देणारी असंख्य संयुगे तयार होतात. १९१२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मैलार याने ही प्रक्रिया वर्णन केली, म्हणून तिला मैलार प्रक्रिया म्हणतात. आधी उकडल्याने आतला भाग शिजलेला असतो आणि वरचा भुसभुशीत थर लवकर वाळून कुरकुरीत होतो.

स्टेकवरचा तपकिरी थरही याच प्रक्रियेचा. त्याविषयी एक मोठा गैरसमज दीर्घकाळ टिकला. थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग याने १८४७ च्या सुमारास असे मांडले, की मांसाला आधी कडक आच दिली की वरचा थर गोठतो आणि रस आत कोंडला जातो. पाककृतींच्या पुस्तकांनी ते उचलून धरले. १९३०च्या दशकात अमेरिकेत मांस भाजून, वजन करून पाहिले, तेव्हा आधी आच दिलेल्या मांसातूनही तेवढाच, किंबहुना जास्त रस गेलेला आढळला. कडक आचेने चव वाढते, रस राहत नाही. नाव कितीही मोठे असले तरी तराजू जवळ ठेवावा, हा यातला धडा आहे.

खरपूसपणालाही मर्यादा हवी. २००२ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले, की पिष्टमय पदार्थ फार तापवले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड हे संशयास्पद संयुग तयार होते. म्हणून बटाटा सोनेरी झाला की उतरवावा, काळपट होऊ देऊ नये. हिरवट पडलेला बटाटाही वापरू नये, कारण त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते.

वर्गात करून पाहण्याजोगे

एकाच पोत्यातले दोन सारखे बटाटे घ्यावेत. एक दोन आठवडे फ्रिजमध्ये आणि दुसरा टोपलीत, अंधाऱ्या जागी ठेवावा. मग दोहोंच्या सारख्या जाडीच्या चकत्या करून एकाच तेलात, सारखाच वेळ, शिक्षकांनी स्वतः तळाव्यात. फ्रिजमधल्या बटाट्याच्या चकत्या अधिक काळ्या पडतील. थंडीत बटाट्यातल्या काही पिष्टाची शर्करा होते आणि शर्करा वाढली की मैलार प्रक्रियाही वाढते. विद्यार्थ्यांनी आधी अंदाज लिहावा, मग निरीक्षण.

दुसरा उपक्रम घरचा. प्रत्येकाने आपल्या घरी उपासाला काय चालते आणि काय चालत नाही, याची यादी आजीला विचारून करावी आणि प्रत्येक पदार्थापुढे त्याचे मूळ स्थान लिहावे. याद्या घराघरांत निराळ्या निघतील. त्या शेजारी शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना विचारावे, की यातले आपले कोणते? त्यावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा. पुढच्या संकष्टीला परतलेल्या बटाट्याच्या फोडीची तपकिरी कड दिसली, की त्यांतल्या एखाद्याला अँडीजचा डोंगर आणि महाबळेश्वरचा मळा नक्की आठवेल.