पूर्वज्ञानाचा रकाना

प्राथमिक शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना सुरुवातीलाच अध्यापनाची सूत्रं शिकवतात. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, सोप्याकडून कठीणाकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे. पूर्वी डी.एड. होतं, त्याचं आता डी.एल.एड. झालं. सूत्रं तीच राहिली. पेस्टालोझी, स्पेन्सर अशा युरोपीय विचारवंतांपाशी त्यांची मुळं सापडतात. ती चांगलीच आहेत. मला फक्त पहिल्या सूत्राबद्दल एक विचारावंसं वाटतं. ज्ञात म्हणजे कोणाला ज्ञात? मास्तरांना, पुस्तक लिहिणाऱ्याला, की समोर बसलेल्या पोराला?

याचं उत्तर शोधताना मी नेहमी जोतीराव फुल्यांपाशी येतो. १८८२ साली सरकारनं शिक्षणाच्या पाहणीसाठी विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याच्यापुढे जोतीरावांनी पुण्याहून १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं निवेदन ठेवलं. मूळ इंग्रजीत आहे. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी बहुतेकांना ठाऊक असते. पण शिक्षक कसा असावा, याबद्दल त्यात जे आहे, ते फारसं कोणी वाचत नाही.

जोतीरावांचं म्हणणं असं, की प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत. त्यांना मुलांत मिसळता येईल, मुलांच्या गरजा कळतील. वेळ आली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस धरायला ते लाजणार नाहीत. त्यांच्या प्रशिक्षणात शेती आणि आरोग्याची प्राथमिक माहिती असावी. त्या वेळचे बहुतेक शिक्षक ब्राह्मण होते, सोवळ्याओवळ्यामुळे मुलांपासून अंतर राखून असत, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं बापाचा धंदा सोडून नोकरीमागे लागतात, ही त्यांची तक्रार होती. मला यात जातीच्या हिशेबापेक्षा मोठी गोष्ट दिसते. ज्याला औत ठाऊक नाही, त्याला शेतकऱ्याच्या पोराचं ‘ज्ञात’ कुठून कळणार?

पगाराचंही त्यांनी सांगितलं. महिना बारा रुपयांहून कमी नको, मोठ्या गावात निदान पंधरा ते वीस हवेत. शिवाय गावचे हिशेब तपासणं, दस्त नोंदवणं, टपाल सांभाळणं, स्टॅम्प विकणं अशी कामं दिली तर शिक्षकाचा गावात मान वाढेल. आज जनगणना आणि निवडणूक ही कामं कायद्यानंच गुरुजींकडे आहेत. कामं आली, मान मात्र वाटेतच कुठेतरी उतरला!

याच निवेदनात एक वाक्य आहे, तिथं मी दर वेळी अडखळतो. मुसलमानही या शाळांपासून दूर राहतात, त्यांना का कोण जाणे मराठीची किंवा इंग्रजीची आवड दिसत नाही, अशा अर्थाचं. मी मुसलमान आहे आणि मराठीत कविता लिहितो, तेव्हा हे वाक्य मला उद्देशूनच लिहिल्यासारखं वाटतं. त्यात आकस नाही. सावित्रीबाईंनी १८५६ साली नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचं नाव आपुलकीनं येतं. कामाचा भार तिच्यावर पडत असेल याची काळजी त्यात आहे. त्या घराला मुसलमान परके नव्हते. तरीही ‘का कोण जाणे’ पाशी जोतीराव थांबले. शेतकऱ्यांची मुलं शाळेत का येत नाहीत, याची कारणं मात्र त्यांनी नेमकी दिली आहेत. घरची गरिबी, राखायची गुरं, शेतातलं काम. महार-मांगांच्या मुलांना वरच्या जातींच्या मुलांशेजारी बसू देत नाहीत, हेही स्पष्ट लिहिलं आहे.

आवडीचं म्हणाल तर ती आपोआप उगवत नाही. आमच्या घरी दखनी बोलत. पहिलीत तक्त्यावर कांद्याचं चित्र होतं. मी ‘प्याज’ म्हणालो आणि वर्ग हसला. गुरुजी शेतकऱ्याच्या घरातले, माळकरी. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘‘बरोबर आहे. त्याच्या घरी प्याज, तुमच्या घरी कांदा. आज सगळ्यांनी दोन शब्द शिकायचे.’’ मग सगळा वर्ग ‘प्याज, प्याज’ करत राहिला. मराठी मला त्या दिवशी आवडू लागली असं म्हणणं कवीची अतिशयोक्ती होईल. पण ती परकी वाटेनाशी झाली, हे खरं.

गुरुजी माझ्या जमातीचे नव्हते. म्हणून जोतीरावांचा ‘शक्यतो’ मला महत्त्वाचा वाटतो. शिक्षक त्याच घरातला असला तर उत्तमच. नसला तर त्यानं त्या घराचा उंबरा तरी पाहिलेला असावा.

आयोगानं सक्ती काही सुचवली नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ती केली, आणि सहा ते चौदा वयाच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क देशभर लागू झाला तो १ एप्रिल २०१० पासून. मुलं शाळेच्या दारापर्यंत आली.

आता पाठाच्या टाचणात ‘पूर्वज्ञान’ नावाचा एक रकाना असतो. शिकाऊ शिक्षक तो आदल्या रात्री भरतात. विद्यार्थ्यांना अमुक माहीत आहे, तमुक माहीत आहे. बहुतेकांचा मजकूर सारखाच असतो, वरच्या वर्गातल्या कोणाच्या तरी वहीतून उतरलेला. धारणीच्या कोरकू मुलांसाठी, अक्कलकुव्याच्या पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या मुलांसाठी, कारखान्यावर आलेल्या ऊसतोड्यांच्या पोरांसाठी तो रकाना खोलीत बसून कसा भरणार? त्यासाठी सकाळी पोराला सोडायला आलेल्या आजीशी शाळेच्या ओट्यावर बसून बोलावं लागतं, आणि तिची भाषा कळत नसेल तर मधे दुभाष्या म्हणून त्या पोरालाच बसवावं लागतं.