ऑक्सिजन उपचारसंज्ञा, मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनमधील

ऑक्सिजन उपचारसंज्ञा, मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनमधील : डॉक्टरांनी बोलून नोंदवलेल्या रुग्ण-अहवालात ऑक्सिजन देण्याची साधने, त्याचा प्रवाह, श्वासातील प्रमाण आणि रक्तातील संपृक्तता यांविषयी येणारे शब्द, लघुरूपे व आकडे. ध्वनिमुद्रण ऐकून अहवाल टंकित करणाऱ्याला या व्यवसायात ‘एमटी’ म्हणतात. ऑक्सिजनविषयीचे शब्द छोटे, उच्चार घाईचे आणि आकडे एकमेकांसारखे ऐकू येणारे असल्यामुळे येथे नवखाच काय, मुरलेला एमटीही अडतो. ऑक्सिजन हे औषध आहे. त्यामुळे चुकलेला आकडा म्हणजे चुकलेली मात्रा. या संज्ञांची उकल नुसत्या कानाने होत नाही. साधन, प्रवाह, प्रमाण आणि संपृक्तता ही चार अंगे एकमेकांशी जुळतात का, हे पाहूनच ती करावी लागते.

पार्श्वभूमी : रुग्ण तपासल्यावर डॉक्टरने अहवाल फोनवर किंवा रेकॉर्डरवर बोलून ठेवायचा आणि तो दुसऱ्याने टंकित करायचा, ही पद्धत विसाव्या शतकात अमेरिकेत रुळली. या व्यावसायिकांची ‘अमेरिकन असोसिएशन फॉर मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन’ ही संघटना १९७८ मध्ये स्थापन झाली. २००७ मध्ये तिचे नाव ‘असोसिएशन फॉर हेल्थकेअर डॉक्युमेंटेशन इंटेग्रिटी’ असे झाले. १९९० च्या दशकात ध्वनिफाइली इंटरनेटवरून पाठवणे सोपे झाले आणि हे काम भारतात येऊ लागले. बंगळूर, हैदराबाद, चेन्नई यांच्याबरोबर मुंबई-पुण्यातही त्याची कार्यालये व शिकवणी वर्ग निघाले. अमेरिकेत संध्याकाळी केलेले डिक्टेशन भारतात सकाळी हाती येते आणि ठरलेल्या मुदतीत, म्हणजे ‘टॅट’मध्ये, परत जाते. हजारो मैलांवरचा एमटी डॉक्टरला फोन करून शंका विचारू शकत नाही. त्याच्याकडे असते ती फाइल, त्याच डॉक्टरचे जुने नमुना-अहवाल आणि स्वतःचे विषयज्ञान.

अस्पष्टतेची कारणे : ऑक्सिजनचा उल्लेख बहुधा तापमान, नाडी, श्वसनगती आणि रक्तदाब यांच्या शेपटाला येतो आणि डॉक्टर ही सगळी माळ एका दमात म्हणून टाकतो. ‘सॅट्स नाइंटी-टू ऑन टू लिटर्स’ या चार-पाच शब्दांत ‘टू’ दोनदा येतो. त्यातला एक गिळला गेला की संपृक्तता ९० की ९२, हा प्रश्न उरतो. ‘सॅट्स’ हे सॅच्युरेशनचे बोलीरूप ‘स्टॅट्स’ असे ऐकू येते. ‘सॅटिंग’, ‘डीसॅट’ ही रूपे तर सामान्य शब्दकोशात सापडत नाहीत. वॉर्डातील मॉनिटरचे आवाज, तोंडावरचा मास्क, चालता चालता केलेले डिक्टेशन आणि निरनिराळ्या देशांतून आलेल्या डॉक्टरांचे उच्चार यांची त्यात भर पडते. शिवाय साधनांची व्यापारी नावे सर्रास वापरली जातात आणि ती पाठ्यपुस्तकात नसतात.

साधने व त्यांच्या मर्यादा : प्रत्येक साधनाचा प्रवाह ठरावीक टप्प्यात असतो. हा टप्पा माहीत असला की अर्धे काम होते.

नेझल कॅन्युला, म्हणजे नाकपुड्यांत बसणारी दोन टोकांची नळी, साधारणपणे मिनिटाला १ ते ६ लिटर ऑक्सिजनसाठी वापरतात. भारतात व ब्रिटनमध्ये शिकलेले डॉक्टर हिलाच ‘नेझल प्राँग्ज’ म्हणतात. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. सोयीसाठी ते २० धरून, कॅन्युलाने दिलेल्या प्रत्येक लिटरमागे श्वासातील प्रमाण सुमारे ४ टक्क्यांनी वाढते, असा ढोबळ हिशेब आहे. त्यानुसार २ लिटरला २८, ४ लिटरला ३६ आणि ६ लिटरला ४४ टक्के येतात. साध्या फेस मास्कला ५ ते १० लिटर लागतात. नॉन-रीब्रीदर मास्कला ऑक्सिजन साठवणारी पिशवी असते आणि त्याचा प्रवाह १० ते १५ लिटर ठेवतात.

व्हेंच्युरी मास्क प्रवाहापेक्षा टक्क्यांनी ओळखला जातो. डिक्टेशनमध्ये तो ‘व्हेंटी मास्क’ असा येतो. मोरन कॅम्पबेल यांनी १९६० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये या पद्धतीचे वर्णन केले. फुप्फुसांच्या जुनाट विकारात ऑक्सिजन मोजून देता यावा, हा त्यामागचा हेतू होता. त्याचे टक्के ठरलेले असतात : २४, २८, ३१, ३५, ४०, ५० असे. म्हणून ‘व्हेंटी मास्क’पुढे ३८ टक्के ऐकू आले, तर ते २८ असण्याची शक्यता अधिक असते आणि ध्वनिफीत मागे नेऊन पुन्हा ऐकणे भाग असते.

हाय-फ्लो नेझल कॅन्युलामधून तापवलेला व ओलसर केलेला वायू मिनिटाला ६० लिटरपर्यंत देता येतो. तेथे प्रवाह आणि टक्के हे दोन्ही आकडे सांगितले जातात. मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप व बायपॅप या यंत्रांचे आकडे मात्र दाबाचे असतात, पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये. बायपॅपचे दोन दाब ‘ट्वेल्व्ह ओव्हर फाइव्ह’ असे म्हटले जातात. श्वास घेतानाचा पहिला दाब हा सोडतानाच्या दाबापेक्षा मोठा असतो. उलटा क्रम ऐकू आल्यास तो तसाच टंकित करू नये.

अतिदाब ऑक्सिजन उपचार, म्हणजे हायपरबॅरिक ऑक्सिजन, जखमांच्या दवाखान्यांच्या अहवालांत आढळतो. त्याचा दाब ‘एटीए’ या एककात, बहुधा २ ते ३ च्या दरम्यान सांगतात. म्हणून ‘टू पॉइंट फोर’मधला ‘पॉइंट’ पुसट असला तरी तेथे २४ लिहिता येत नाही. या अहवालांतील ‘डाइव्ह’ म्हणजे उपचाराची एक खेप आणि ‘एअर ब्रेक’ म्हणजे मध्ये काही मिनिटे साधी हवा घेणे.

सारख्या ऐकू येणाऱ्या जोड्या : ऑक्सिमायझर व ऑक्सिमीटर ही या क्षेत्रातील नेहमीची फसगत आहे. ऑक्सिमीटर बोटाला लावून संपृक्तता मोजतो. ऑक्सिमायझर हे साठवण असलेल्या कॅन्युलाचे व्यापारी नाव आहे. रुग्ण श्वास सोडत असताना त्यात सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन साठतो आणि पुढच्या श्वासाबरोबर आत जातो. त्यामुळे कमी प्रवाहात काम भागते.

एक्मो आणि एको यांतही अशीच गल्लत होते. एको म्हणजे हृदयाची ध्वनिलहरींनी केलेली तपासणी. तिच्या आसपास इजेक्शन फ्रॅक्शन, झडपा असे शब्द येतात. एक्मोमध्ये रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात ऑक्सिजन मिसळतात; तिथे ‘व्हीनो-व्हीनस’, ‘डीकॅन्युलेशन’ आणि दिवसांचा हिशेब येतो. ‘ट्रेक कॉलर’ असे ऐकू आले तर ते श्वासनलिकेच्या छिद्रावर बसवायचे ट्रॅक कॉलर होय. त्याचे स्पेलिंग ट्रॅकिऑस्टॉमीवरून घ्यायचे, वाटेच्या ‘ट्रॅक’वरून नव्हे. नवजात अर्भकाच्या अहवालात ‘लो बाय’ असे वाटणारा शब्द बहुधा ‘ब्लो-बाय’ असतो. त्यात नळी किंवा मास्क बाळाच्या चेहऱ्याला न लावता जवळ धरतात. दमेकऱ्याच्या अहवालात ‘हेलिक्स’ ऐकू आले, तर ते हेलियम व ऑक्सिजनचे मिश्रण असलेले हेलिऑक्स असू शकते.

लघुरूपेही फसवतात. ‘आरए’ म्हणजे बहुतेक वेळा रूम एअर, म्हणजे बाहेरून ऑक्सिजन न देता. पण हृदयाच्या उजव्या बाजूच्या कॅथेटरायझेशनच्या अहवालात ‘आरए सॅट ७०’ आले, तर ती उजव्या कर्णिकेतील रक्ताची संपृक्तता असते. तेथे ‘रूम एअर’ असा विस्तार केला, तर धडधाकट रुग्ण कागदावर अत्यवस्थ होतो. संधिवाताच्या दवाखान्यात हीच दोन अक्षरे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी असतात.

आकडे : १५ आणि ५० यांचा गोंधळ साधनावरून सुटतो. नॉन-रीब्रीदरवर ५० लिटर संभवत नाही, कारण भिंतीवरच्या नेहमीच्या फ्लोमीटरची खूण १५ लिटरपर्यंत असते. हाय-फ्लोवर ५० लिटर मात्र नेहमीचे आहेत. अमेरिकन उच्चारात थर्टी, फॉर्टी, एटी यांतील ‘ट’ मऊ होऊन ‘ड’जवळ जातो, तर थर्टीन, फोर्टीन, एटीन यांतील ‘ट’ ठसठशीत राहतो. ‘थर्डी’ ऐकू आले की ३० आणि स्पष्ट ‘ट’ ऐकू आला की १३, ही खूण मराठी कानाला लवकर साधते. फिफ्टी व फिफ्टीन यांत ती लागू पडत नाही. तेथे शेवटच्या स्वराची लांबी व आघात पाहावा लागतो.

श्वासातील ऑक्सिजनचे प्रमाण, म्हणजे एफआयओटू, कोणी ‘पॉइंट फोर’ म्हणते तर कोणी ‘फॉर्टी परसेंट’. दोन्हींचा अर्थ एकच. दशांशात लिहिताना आधी शून्य द्यायचे, म्हणजे ०.४, कारण शून्याविना बिंदू नजरेतून सुटतो. अमेरिकेतील जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये लागू केलेल्या निषिद्ध लघुरूपांच्या यादीत शून्याविना लिहिलेल्या दशांशाचा समावेश आहे.

संपृक्ततेतील एका टक्क्याचा फरकही महागात पडतो. अमेरिकेतील मेडिकेअर योजनेच्या प्रचलित निकषानुसार विश्रांत अवस्थेत संपृक्तता ८८ टक्के किंवा कमी, अथवा धमनीतील ऑक्सिजनचा दाब ५५ किंवा कमी असल्यास घरगुती ऑक्सिजनचा खर्च मान्य होतो. ८९ टक्क्यांना इतर विकारांचा पुरावा जोडावा लागतो. फुप्फुसांच्या जुनाट अवरोधी विकारात संपृक्ततेचे लक्ष्य ८८ ते ९२ टक्के ठेवतात. तेथे चुकून ९८ ते ९२ टंकित झाले, तर क्रम उलटा दिसतोच, शिवाय या रुग्णांत जास्तीचा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइड साठण्यास कारण ठरू शकतो.

उकलीची रीत : समजा, फुप्फुसांच्या फायब्रोसिसच्या रुग्णाच्या डिस्चार्ज समरीत असे ऐकू येते : ‘डिस्चार्ज्ड होम ऑन फोर लिटर्स व्हाया ऑक्सिमी...’ आणि पुढे दार आपटल्याचा आवाज. घाईत हात ‘ऑक्सिमीटर’कडे जातो. पण ‘व्हाया’नंतर ऑक्सिजन देणारे साधन यायला हवे आणि ऑक्सिमीटरमधून लिटर जात नाहीत. मग अहवालाच्या वरच्या भागाकडे वळावे. साध्या कॅन्युलावर ६ लिटर असतानाही चालताना संपृक्तता उतरत होती, अशी नोंद तिथे आहे. म्हणजे कमी प्रवाहात जास्त ऑक्सिजन पोचवणारे साधन दिले जाणे सयुक्तिक आहे. त्याच डॉक्टरच्या जुन्या अहवालात ऑक्सिमायझर हा शब्द स्पष्ट सापडला, तर उकल पक्की झाली. तो सापडला नाही, तर शब्द तर्काने बरोबर वाटला तरी त्यावर शंकेची खूण ठेवूनच फाइल पुढे पाठवायची.

हा क्रम बहुतेक ठिकाणी चालतो. पायाखालच्या पेडलने फीत मागे घेऊन, वेग कमी-जास्त करून ऐकणे. वाक्यातील शब्दयोगी अव्यय व एकक पाहणे. साधनाचा टप्पा ताडून पाहणे. अहवालाचा उरलेला भाग व निदान वाचणे. मग नमुना-अहवाल उघडणे. वेग कमी केल्याने नेहमीच फायदा होतो असे नाही. घाईचे शब्द कधी कधी मूळ वेगातच ओळखू येतात. पुढे कुठेतरी तोच शब्द डॉक्टरने पुन्हा स्पष्ट म्हटलेला असू शकतो, म्हणून अडलेल्या जागी रेंगाळण्यापेक्षा फाइल पूर्ण ऐकून मागे येणे शहाणपणाचे.

एवढे करूनही न कळल्यास ‘ब्लँक’ सोडतात. त्या जागी फितीवरील वेळ आणि ‘असे ऐकू येते’ अशी टीप देऊन फाइल क्यूए, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या संपादकाकडे जाते. त्यालाही न उमगल्यास ती डॉक्टरकडे परतते. गुणांकनात विरामचिन्हाची चूक किरकोळ धरतात. चुकीचे साधन किंवा मात्रा ही गंभीर चूक ठरते. डॉक्टर स्वतःच विसंगत बोलला असेल, उदाहरणार्थ वर ‘रूम एअर’ आणि खाली त्याच वेळेसाठी ‘२ लिटर’, तर एमटीने स्वतःच्या मर्जीने एक बाजू निवडू नये. दोन्ही जागांकडे लक्ष वेधावे.

ध्वनिओळख व संपादन : ‘ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग’ ही बोलणे टंकित करणारी संगणकप्रणाली १९९७ मध्ये बाजारात आली आणि पुढे एमटीचे काम टंकनाकडून संपादनाकडे वळत गेले. यंत्राची चूक शुद्ध स्पेलिंगमध्ये येते, त्यामुळे ती डोळ्याला खटकत नाही. कॅन्युलाचे ‘कॅनोला’ झाले तर हसू येते, पण १५ चे ५० झाले तर कोणाच्या लक्षात येत नाही. ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यंत्राने तयार केलेल्या नोंदींत दर १०० शब्दांमागे ७.४ चुका आढळल्या. एमटीच्या तपासणीनंतर ते प्रमाण ०.४ वर आले.

२०२१ मधील करोनाच्या दुसऱ्या लाटेत बायपॅप, एनआरबीएम (नॉन-रीब्रीदर मास्क), एचएफएनसी (हाय-फ्लो नेझल कॅन्युला), ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे शब्द महाराष्ट्रातील घराघरांत पोचले. शब्द ओळखीचे झाले, तरी ते कोणत्या आकड्याबरोबर येऊ शकतात हे ज्ञान व्यावसायिकाचेच राहते. चारही अंगे जुळली तर लिहावे, जुळली नाहीत तर जागा मोकळी ठेवावी. अहवालावर सही डॉक्टरची असते आणि आकडा कायम करण्याचा अधिकारही त्याचाच असतो.