आटवणे : एक क्रियापद आणि भाईंदरचे मीठ

१/ बासुंदीसाठी दूध आटवतात. या कृतीला इंग्रजीत ‘बॉइल डाउन’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात या शब्दप्रयोगाला दुसरा अर्थ रुळला : पाल्हाळ गाळून सार उरवणे. ‘इट बॉइल्स डाउन टु धिस’ म्हणजे ‘तात्पर्य एवढेच’.

२/ मराठी ‘आटणे’ मात्र वेगळ्या वाटेने गेले. विहीर आटते, माया आटते, कष्टकरी रक्त आटवतो. इंग्रजीची नजर भांड्यात उरलेल्यावर आहे. मराठीची, निघून गेलेल्यावर. हे दोन्ही अर्थ भाईंदरच्या मिठागरांत एकत्र भेटतात.

३/ भाईंदर वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर आहे. भरतीचे पाणी बांध घातलेल्या उथळ वाफ्यांत घेतले जाते आणि ऊन-वारा ते आटवतो. १,००० लिटर समुद्रजलात सुमारे ३५ किलो क्षार असतात. पाणी मूळच्या साधारण एक दशांश उरले की मिठाचे स्फटिक धरू लागतात. त्याआधी जिप्सम तळाशी बसते. मॅग्नेशियमचे कडू क्षार शेवटपर्यंत पाण्यात राहतात. ते पाणी वेळीच काढले नाही तर मीठ कडवट होते. आटवणे कुठे थांबवायचे, हीच आगरातली खरी विद्या.

४/ बंगालच्या किनाऱ्यावर हवा दमट आणि नद्यांचे गोडे पाणी विपुल. तेथे मलंगी कामगार खारे पाणी चुलीवर उकळून मीठ काढत. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्ज यांनी तेथील मीठ कंपनीच्या मक्तेदारीखाली आणले. कोकणात सरपणाची गरज नव्हती. उन्हाला मोल नव्हते. खर्च होता तो मुख्यतः माणसाच्या श्रमाचा, आणि त्यावर सरकारी कर.

५/ मुंबई इलाख्यात १८९० च्या मीठ कायद्याने परवान्याविना मीठ तयार करणे गुन्हा ठरवले. म्हणजे आटवणे हाच अपराध! एप्रिल १९३० मध्ये कमलादेवी चट्टोपाध्याय, अवंतिकाबाई गोखले आदींनी मुंबईच्या चौपाटीवर समुद्राचे पाणी उकळून हाच अपराध उघडपणे केला. स्वयंपाकघरातली रोजची क्रिया त्या दिवशी राजद्रोहाच्या पंक्तीला बसली. पुढे वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींच्या झुंडी चालून गेल्या. मिठावरचा कर १९४७ मध्ये उठला.

६/ ‘आगरी’ या नावाचे नाते ‘आगर’ शब्दाशी जोडले जाते. खाऱ्या चिखलात अनवाणी उभे राहून, भर उन्हात मीठ ओढून ढीग घालणाऱ्यांनी हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या जगवला. उन्हाने पाणी आटत होते, तेव्हा त्यांचे रक्तही आटत होते.

७/ आज शहर वाढले आहे आणि मिठागरे आटली आहेत. ताटाच्या कोपऱ्यात वाढलेल्या चिमूटभर मिठाकडे पाहताना इंग्रजी विचारील, ‘उरले काय?’ इतिहासाच्या विद्यार्थ्याने मराठी प्रश्नही विचारावा : आटले ते कोणाचे?