रस्त्याची बाजू बदलते तेव्हा

भर उन्हात, काच कोरडी ठणठणीत असताना, पुढच्या गाडीचे वायपर एकदम खर्र-खर्र फिरू लागले की बहरीनमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसाला हसू येतं. ओळखायचं, गडी नवीन आहे. भारतातल्या बहुतेक गाड्यांमध्ये इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला असते आणि वायपरची डाव्या. इथल्या गाड्यांमध्ये नेमकं उलट. बिचाऱ्याला वळायचं असतं, हात जुन्या सवयीनं जातो आणि इंडिकेटरऐवजी वायपर चालू होतात. मीही हे केलेलं आहे. तुम्ही राहता त्या देशात गाड्या उजवीकडून चालत असतील, तर पहिल्या महिन्यात तुम्हीही केलं असेल.

हसायला हरकत नाही. पण त्या वायपरचा अर्थ मागच्या माणसाला वाचता आला पाहिजे. 'मला वळायचं आहे आणि मी गोंधळलो आहे,' एवढं तो सांगत असतो. त्यावर आपण काय करतो, हॉर्न वाजवतो की थांबतो, याबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे. आणि त्यासाठी थोडा इतिहास सांगायचा आहे, कारण या छोट्या बेटावर एकदा सगळेच चालक नवीन झाले होते.

आधी जागा सांगतो. सलमानिया हा मनामा शहराचा एक भाग. इथे कुणी 'काल सलमानियाला गेलो होतो' म्हटलं, की आपण पहिल्यांदा विचारतो, 'का हो, कोण आजारी आहे?' कारण देशाचं मुख्य सरकारी रुग्णालय, सलमानिया मेडिकल कॉम्प्लेक्स, इथेच आहे. साहजिकच या रस्त्यांवर येणारा प्रत्येक जण रोजचा नसतो. कुणाच्या मुलाला रात्री ताप चढलेला असतो, कुणाची बायको पहिल्या बाळंतपणासाठी मागच्या सीटवर असते, कुणाला साइटवर पडलेल्या सहकाऱ्याला भेटायचं असतं. फाटक कुठलं, गाडी कुठे लावायची, आत जायचा रस्ता हा की पुढचा, काही माहीत नसतं. गाडी हळू होते, अडखळते. मागून हॉर्न सुरू होतात.

आता वळूया १९६७ सालाकडे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत बहरीनमध्ये गाड्या आपल्याकडच्यासारख्याच डावीकडून चालत. नोव्हेंबरमध्ये त्या उजवीकडून चालू लागल्या.

मुळात इथे डावी बाजू आली कशी, तेही बघण्यासारखं आहे. बहरीनचा ब्रिटिशांशी कारभार १९४७ पर्यंत मुख्यतः हिंदुस्थान सरकारमार्फत चाले. इथलं टपाल कार्यालय १८८४ मध्ये हिंदुस्थानच्या टपाल खात्यानं उघडलं, आणि १९३३ पासून हिंदुस्थानच्याच तिकिटांवर 'बहरीन' असा शिक्का छापून ती इथे विकली जात. चलन तर रुपयाच होता. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेनं आखाती देशांसाठी वेगळ्या नोटा छापल्या, त्याही रुपयाच्याच. थोडक्यात, मुंबईहून कुणी मराठी कारकून या बेटावर उतरला, तर खिशातले पैसे, पाकिटावरचं तिकीट आणि रस्त्याची बाजू यांपैकी काहीच त्याला परकं वाटलं नसतं.

मग एकेक गोष्ट बदलत गेली. १९४८ मध्ये टपालाची तिकिटं बदलली. १९६५ मध्ये रुपया जाऊन दिनार आला, दहा रुपयांना एक दिनार या हिशेबानं. दोनच वर्षांनी रस्त्याची बाजू बदलली. आणि १९७१ मध्ये बहरीन स्वतंत्र झाला.

यातली पैशाची गोष्ट मला फार आवडते. एका दिनारचे हजार फिल्स होतात, म्हणजे जुना एक रुपया शंभर फिल्सचा. आजही इथले लोक बोलताना शंभर फिल्सना 'रुबिया' म्हणतात. रुपया जाऊन कितीतरी दशकं झाली, पण शब्द जिभेवर राहिला. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. दुकानदाराला कळतं, गिऱ्हाइकाला कळतं, हिशेब जुळतो. रस्त्याचं तसं नाही. जुन्या सवयीला तिथे एका वळणापुरतीही जागा नसते. सकाळी झोपेत गाडी काढली, रस्ता मोकळा होता, आणि वळण घेऊन तुम्ही जुन्या बाजूला लागलात, तर समोरून येणाऱ्याला 'अहो, जुनी सवय' असं सांगायला वेळ मिळत नाही.

बाजू बदलण्याचं कारण साधं होतं. शेजाऱ्यांकडे गाड्या उजवीकडून चालत होत्या. सौदी अरेबियाशी जोडणारा किंग फहद कॉजवे १९८६ मध्ये खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरचा हा रस्ता व्हायच्या एकोणीस वर्षं आधीच बहरीननं आपली बाजू शेजाऱ्यांशी जुळवून घेतली होती.

असंच, पण उलट दिशेनं, आपल्या घराशेजारी घडलेलं आहे. पोर्तुगालनं १९२८ मध्ये आपल्या देशातली वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता. तरी गोव्यातली वाहतूक डावीकडूनच राहिली, कारण शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानात गाड्या डावीकडून चालत. राज्य लिस्बनचं, पण रस्त्याचा नियम सावंतवाडी-बेळगावचा. रस्ता कुणाचा हुकूम मानतो, यापेक्षा पलीकडून कोण येतंय, हे त्याला जास्त महत्त्वाचं असतं.

बाजू बदलणं म्हणजे नुसत्या पाट्या इकडच्या तिकडे करणं नव्हे. बसची दारं चुकीच्या बाजूला येतात, उतरणारा माणूस थेट रस्त्याच्या मधोमध उतरतो. स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या जुन्या गाडीतून पुढच्याला ओलांडताना समोरचं नीट दिसत नाही. चौकातल्या राउंडअबाउटला उलटी प्रदक्षिणा घालावी लागते. रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला आयुष्यभर आधी ज्या बाजूला बघायची सवय, ती बाजू आता दुसरी. चालकाचंच नव्हे, सगळ्या गावाचं अंग पुन्हा शिकतं.

त्याच १९६७ सालात, बहरीनच्या दोन महिने आधी, स्वीडननंही हेच केलं, आणि तिथल्या नोंदी फार तपशिलानं झाल्या. १९५५ च्या सार्वमतात तिथल्या सुमारे ८३ टक्के लोकांनी या बदलाला नकार दिला होता. तरी १९६३ मध्ये संसदेनं कायदा केला. ३ सप्टेंबर १९६७, रविवार. पहाटे ४ वाजून ५० मिनिटांनी रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीनं थांबायचं, सावकाश दुसऱ्या बाजूला जायचं, पुन्हा थांबायचं, आणि पाच वाजता नव्या बाजूनं निघायचं. त्यासाठी साडेतीन लाखांहून जास्त पाट्या बदलल्या गेल्या होत्या. वेगमर्यादा खाली आणल्या होत्या.

लोकांना वाटलं होतं, रक्ताचे पाट वाहतील. झालं उलटंच. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, देशभरात १२५ अपघात नोंदले गेले. त्याआधीच्या सोमवारी ही संख्या १३० ते १९८ असायची. त्या दिवशी एकही माणूस दगावला नाही. १९६६ मध्ये स्वीडनच्या रस्त्यांवर १,३१३ माणसं मेली होती, १९६७ मध्ये १,०७७. पुढच्या वर्षी, २६ मे १९६८ ला, आइसलँडनं बाजू बदलली. तिथे या बदलामुळे जखमी झाल्याची एकच नोंद सांगितली जाते, सायकलवरच्या एका मुलाचा पाय मोडला.

असं का झालं असावं? वेगमर्यादा कमी होती, हे एक. पण मोठं कारण असं, की त्या दिवसांत रस्त्यावर जाणता कुणीच नव्हता. वीस वर्षं गाडी चालवणारा आणि काल परवाना मिळालेला, दोघं सारखेच घाबरलेले. प्रत्येकाला माहीत होतं, की समोरचा चुकू शकतो. म्हणून सगळे हळू होते, अंतर ठेवून होते. पुढचा अडखळला, तर मागचा समजून घेत होता, कारण पुढच्या चौकात त्याचीच पाळी असणार होती.

आणि याच गोष्टीचा शेवटही लक्षात ठेवा. ही सावधगिरी टिकली नाही. लोकांना नवी बाजू सवयीची झाली, हात सैल सुटले, आणि १९६९ पर्यंत स्वीडनमधले अपघात जवळजवळ पूर्वीच्या पातळीवर आले. रस्ता तोच, नियम तेच, वाढला होता तो फक्त आत्मविश्वास.

आता पुन्हा सलमानियात या. आज तिथे अडखळणाऱ्या चालकाची अवस्था १९६७ मधल्या चालकासारखीच आहे. नवी बाजू, उलटी प्रदक्षिणा, वायपर आणि इंडिकेटरची अदलाबदल. फरक एकच. तेव्हा ती भीती साऱ्या बेटानं वाटून घेतली होती. आज तो एकटा घाबरलेला आहे, आणि भोवतीचे सगळे जाणते आहेत. सगळेच अडखळत असतात तेव्हा रस्ता सुरक्षित असतो. एकच अडखळतो आणि बाकीचे ढकलत असतात, तेव्हा अपघात होतो. म्हणून त्याच्यामागे थांबणं हे केवळ सौजन्य नाही. त्याच्या भीतीतला थोडा वाटा आपण उचलतो, एवढंच.

हॉर्नबद्दलही एक गैरसमज होतो. आपल्याकडे ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' वाचत आपण मोठे झालो. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये ते लिहायला बंदी घातली, पण कान तयार झाले ते झालेच. आपल्या कानाला हॉर्न म्हणजे 'मी इथे आहे' अशी सूचना. इथे तोच आवाज बहुधा 'काय करतोस?' असा ओरडा असतो. नवा माणूस तो ऐकून बावरतो, आणि बावरलेला माणूस दोनच गोष्टी करतो. एक तर जागीच थिजतो, नाहीतर रिकामी जागा नीट न बघता गाडी घुसवतो. राउंडअबाउटच्या तोंडाशी ही दुसरी गोष्ट महाग पडते. आपल्या माणसाची मान सवयीनं उजवीकडे वळते. इथे गाडी येते डावीकडून. बरोबर बाजूला बघायला त्याला दोन सेकंद जास्त लागतात. ते दोन सेकंद मागच्याच्या हातात असतात.

तुम्ही म्हणाल, रस्त्यावर सगळ्यांनाच घाई असते, कुणाकुणासाठी थांबायचं? त्याचं उत्तर आपल्या घाटांत आहे. अरुंद घाटात दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर उतरणाऱ्यानं थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची, असा आपल्याकडचा नियम आहे. चढणारा मोठा असतो म्हणून नव्हे. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं कठीण, ती मागे घसरायची भीती. उतरणाऱ्याला थांबणं सोपं. ज्याला थांबणं सोपं, त्यानं थांबायचं. लिहिलेल्या नियमाच्या कितीतरी आधीपासून बैलगाडीवाल्यांना हे कळत असणार.

नवा चालक हा चढावरचा माणूस आहे, आणि रस्ता पाठ असलेले आपण उतारावर आहोत. बस, इतकंच.

करायचं तेही फार नाही. पुढची गाडी अडखळली, तर एक गाडीभर जास्त अंतर ठेवा. राउंडअबाउटला तो थांबला, तर त्याला त्याची जागा शोधू द्या. चुकीच्या लेनमध्ये आला आणि विनवणीनं बघत असला, तर हात करून त्याला आत घ्या. काच खाली करून पत्ता विचारला, तर सांगा. इथला बहरीनी माणूस सांगतो तेव्हा हातानं समोर दाखवून 'सीदा, सीदा' म्हणतो. हा शब्द त्याच्या बोलीत आपल्या हिंदुस्थानीतूनच गेलेला आहे. रुपया गेला, टपालाची तिकिटं गेली, डावी बाजूही गेली, पण वाट सांगायचा शब्द राहिला.

आणि घरी नवीन कुणी आलं असेल, भाचा, सून, नोकरीला लागलेला मित्राचा मुलगा, तर त्याला पहिले काही दिवस शुक्रवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना, सलमानियाच्या रस्त्यांवर एक चक्कर मारून आणा. फाटकं दाखवा, कुठून वळायचं ते दाखवा. रुग्णालयाची वाट कुणालाच लागू नये, पण लागलीच तर ती रात्रीच लागते, आणि तेव्हा शिकायला सवड नसते.

पुढच्या वेळी तुमच्यासमोर कोरड्या काचेवर वायपर फिरले, की हसा. मग पाय ब्रेकवर ठेवा, आणि हात हॉर्नपासून दूर.