पंख्यापासून औषधापर्यंत

मी कायद्याचा विद्यार्थी होतो तेव्हा पेटंट आणि ट्रेडमार्क हा विषय एका पेपरच्या शेपटाला बांधलेला असे. सत्र संपत आले की सर चार तासांत तो उरकत आणि परीक्षेत त्यावर एखादी टीप येई. आता चित्र पालटले आहे. बौद्धिक संपदेचा स्वतंत्र पेपर असतो, पदविका असते. मी शिकवतो त्या वर्गात वकिलीच्या मुलांबरोबर अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्र शिकून आलेली मुलेही बसतात. त्यांना कलमे पाठ असतात. पण मी पहिल्याच तासाला सांगतो, की हा विषय कलमांइतकाच सालांनी शिकायचा आहे.

याचे कारण साधे आहे. पेटंट हा एक सौदा असतो. संशोधकाने आपली युक्ती उघड लिहून द्यायची आणि त्या बदल्यात समाजाने त्याला ठरावीक वर्षांची मक्तेदारी द्यायची. मुदत संपली की ती युक्ती सर्वांची. या सौद्याच्या अटी आपल्या देशात वेळोवेळी बदलल्या. त्या कोणी बदलल्या आणि कोणासाठी, हे कळले नाही तर कलमांचा अर्थही कळत नाही.

आपला पहिला पेटंट कायदा १८५६ सालचा. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय त्याच्याहून एका वर्षाने वडील! कायदा होताच कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग या इंजिनिअरने अर्ज केला, तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. त्या काळी छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने ओढायला माणूस ठेवावा लागे. पुढच्याच वर्षी तो कायदा रद्द झाला, कारण राणीची आगाऊ संमती घ्यायची राहून गेली होती. १८५९मध्ये तो नव्याने आला. माझे विद्यार्थी या हकिगतीवर हसतात. मग मी विचारतो, की उकाडा कोणाला होत होता आणि दोरी कोण ओढत होते? त्या कायद्याचा गिऱ्हाईक कोण होता, याचे उत्तर त्यात आहे.

१९११चा कायदा इंग्रजांनी केला आणि स्वातंत्र्यानंतरही तो वीस-पंचवीस वर्षे चालू राहिला. त्याची कसून तपासणी केली ती न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी. १९५९च्या अहवालात त्यांनी दाखवून दिले, की भारतातली बहुसंख्य पेटंटे परदेशी कंपन्यांची आहेत आणि ती येथे माल बनवण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्याने बनवू नये म्हणून घेतलेली आहेत. या अहवालाच्या पायावर १९७०चा कायदा उभा राहिला. तो २० एप्रिल १९७२पासून अमलात आला.

या कायद्याने अन्न आणि औषध यांच्या बाबतीत पदार्थावर पेटंट द्यायचे नाही, फक्त कृतीवर द्यायचे, असे ठरवले. वर्गात मी पुरणपोळीचे उदाहरण देतो. पोळीवरच मक्तेदारी दिली तर दुसऱ्या कोणालाही पुरणपोळी करता येणार नाही. मक्तेदारी केवळ एका कृतीवर असेल तर दुसरी सुगरण वेगळ्या कृतीने तीच पोळी करू शकेल. औषधाच्या कृतीवरच्या पेटंटाची मुदतही १६ वर्षांवरून जास्तीत जास्त ७ वर्षांवर आली. आपला औषध उद्योग वाढला तो या सवलतीवर. एड्सवरच्या औषधांचा वर्षाचा खर्च पाश्चात्त्य देशांत दहा हजार डॉलरच्या घरात होता, तेव्हा, २००१मध्ये, मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे ३५० डॉलरमध्ये देऊ केली.

ट्रेडमार्कचे तसेच. त्याचा पहिला केंद्रीय कायदा १९४०चा. पण मुलांच्या मनात ठसतो तो ‘अमृतधारा’चा खटला. ‘लक्ष्मणधारा’ या नावाच्या नोंदणीला अमृतधारावाल्यांनी हरकत घेतली. १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नावांची फोड विद्वानाच्या नजरेने करायची नसते. साधारण समजुतीचे, नाव अर्धवट आठवणारे गिऱ्हाईक, मग ते खेड्यातले असो की शहरातले, ते फसेल का, हे पाहायचे. ते फसू शकेल असे न्यायालयाला वाटले. तरीही अमृतधारावाले इतकी वर्षे गप्प राहिले होते, म्हणून दुसऱ्या नावाला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. चिन्ह व्यापाऱ्याचे असले तरी त्याची कसोटी गिऱ्हाईक आहे, हे या एका निकालातून समजते.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे पेटंटाची मुदत २० वर्षांची झाली आणि १ जानेवारी २००५पासून औषधांवर पुन्हा पदार्थाचे पेटंट आले. मात्र संसदेने त्याच वेळी कलम ३ (ड)मध्ये एक अट घातली. जुन्याच औषधाचे रूप थोडे बदलून नवे पेटंट मागता येणार नाही, गुणकारकता वाढल्याचे दाखवावे लागेल. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाच्या खटल्यात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अट उचलून धरली. अय्यंगारांचा अहवाल वाचलेल्या विद्यार्थ्याला ही अट कोठून आली ते सांगावे लागत नाही.

माझ्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या मुलांना नोकऱ्या मिळतात त्या बहुधा पेटंट मागणाऱ्यांकडे. त्यात गैर काही नाही. पण मी त्यांना कलम २५ दोनदा वाचायला लावतो. पेटंट मंजूर होण्याआधी त्याला हरकत घेण्याचा अधिकार तेथे ‘कोणत्याही व्यक्तीला’ दिलेला आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरील बेडाक्विलिन या औषधाच्या एका रूपावर नवे पेटंट मागितले गेले, तेव्हा या अधिकाराचा उपयोग करणाऱ्यांत दोन तरुणी होत्या. एक मुंबईची, एक दक्षिण आफ्रिकेची. दोघी क्षयातून बऱ्या झालेल्या, आणि जुन्या औषधांच्या दुष्परिणामांनी दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली. मार्च २०२३मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. मूळ पेटंट त्याच वर्षी जुलैत संपले आणि ते औषध बनवण्याची वाट इतरांना मोकळी झाली.