पाणथळ जागांचे संरक्षण आणि आपत्काल

कोल्हापुरात कपिलतीर्थ हे नाव आज मंडईचे आहे, आणि ज्या जागी वरुणतीर्थ होते तेथे गांधी मैदान आहे. तलाव गेले; एकाचे नाव उरले, दुसऱ्याचे तेही लोपत चालले. पाणथळ जागांच्या कायद्यातील अपवादांचा विचार करताना हे उदाहरण लक्षात ठेवणे उचित ठरेल.

इराणातील रामसर येथे १९७१ साली झालेल्या करारात भारत १९८२ साली सहभागी झाला. तातडीच्या राष्ट्रहितास्तव सूचीतील पाणथळ जागेची सीमा कमी करण्याची मुभा हा करार देतो. परंतु झालेली हानी शक्य तितकी भरून काढावी, असेही त्याच्या चौथ्या कलमात सांगितले आहे. सवलत आणि भरपाई यांची ही सांगड महत्त्वाची होय.

भारतातील २०१० च्या नियमांची जागा २०१७ च्या नियमांनी घेतली. त्यांनुसार संरक्षित पाणथळ जागेचे अन्य उपयोगासाठी रूपांतर करणे, तेथे कचरा टाकणे इत्यादी गोष्टी निषिद्ध आहेत. सूट हवी असल्यास प्राधिकरणाची शिफारस, राज्यशासनाचा प्रस्ताव आणि केंद्रशासनाचा विचार असा क्रम आहे. पुराच्या रात्री हा क्रम पाळणे अशक्यच. तेथे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा पुढे येतो. त्याच्या ३४ व्या कलमान्वये जिल्हा प्राधिकरणास तात्पुरते पूल व आवश्यक बांधकामे उभारता येतात. ७२ व्या कलमाने या कायद्यास विसंगत तरतुदींवर वरचढपणा दिला आहे. राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. अशा वेळी या अधिकारांची आवश्यकता निर्विवाद ठरते.

तथापि याहून व्यापक सूट व्याख्येतच दडलेली आहे. नदीपात्र, भातशेती आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय २०१७ च्या नियमांनी पाणथळ या संज्ञेतून वगळले. साहजिकच पंचगंगेचे पात्र त्या संज्ञेबाहेर राहते, आणि शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या कळंब्याच्या तलावाचीही तीच गत होते. आपत्कालीन सवलत पूर ओसरताच संपावयास हवी. व्याख्येतील सवलतीला मात्र ओहोटी नाही.

सखल पाणथळ जागा पुराचे पाणी काही काळ धरून ठेवतात. म्हणून संकटात घातलेला भराव संकटानंतर तसाच राहिला, तर तो पुढील संकटाची तयारीच ठरतो. रामसर करारातील भरपाईचे तत्त्व आपत्कालीन कामांनाही लागू करणे, हाच यावरील न्याय्य मार्ग होय.